रजिस्टरमधला कामाचा रकाना

"नुसता काळा पडदा नि पांढरी अक्षरं. यापेक्षा पंचांग बरं," कमळाताई माझ्या खांद्यापाशी पुटपुटल्या. "नीला, यात एखादं चित्र न्हाय काय?"

"चित्रं नंतर. आधी हुकूम सोडायचे."

धामणकर नाक्यावर माझं पाच मशीनचं सायबर कॅफे होतं. शुक्रवारी कापडाचे यंत्रमाग बंद, नाका जरा निवांत, म्हणून काल्हेरच्या कमळाताई शुक्रवारीच यायच्या. वय सत्तेचाळीस, नवरा जाऊन सात वर्षं झालेली, एकुलती क्षितिजा लग्न होऊन पनवेलला. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, आपण काय बघतो ते लडकूला कळतं का? लडकू म्हणजे आम्हाला इंटरनेटची वायर देणारा केबलवाला, त्यांच्या दिराचा, मनोजचा दोस्त. कोण काय बघतं ते आपल्याला बसल्या जागी दिसतं, असं तो वडापाव खाता खाता सगळ्यांना सांगायचा.

"नणंदेच्या मुलीसाठी स्थळं बघायची हायत," त्या म्हणाल्या. "घरी कळलं तर माझं इथं येणं बंद होईल."

नणंदेची मुलगी केवढी, ते मी विचारलं नाही. पुढे लग्नाच्या साइटवर वयाच्या चौकटीत त्यांनी पन्नास ते पंचावन्न भरलं, तेही मी पाहिलं नाही.

कोपऱ्यातल्या मशीनवर लिनक्स होतं. मदतीची पानं वाचत, दोनदा ती मशीन बंद पाडून मी ते शिकले होते. टाइप केलं: sudo apt-get install tor privoxy. ओळी भराभरा धावल्या. माग लपवणारं टॉर सुरू झालं, पण पुढे सरकेना. लॉगमधल्या, म्हणजे त्याच्या नोंदींतल्या, शेवटच्या ओळी वाचल्या तेव्हा उमगलं: मशीनचा सेल संपलेला, तिच्या हिशेबाने अजून जानेवारी २००२ चालू होतं. घड्याळ चुकलं की टॉर कुणाशी बोलत नाही.

"२००२?" कमळाताई म्हणाल्या. "तेव्हा आमचे हे होते."

माझी बोटं थांबली.

"बदल गं. आता २००९ हाय."

तारीख बदलली, टॉर पुन्हा सुरू केलं. ब्राउझरला टॉरमधून जायची प्रॉक्सी दिली आणि तपासणीच्या पानावर टॉर चालू असल्याची हिरवी अक्षरं आली. शोधायचं पान मात्र भलत्याच भाषेत उघडलं.

"ही कुठली भाषा?"

"जर्मन. त्या पानाच्या लेखी तुम्ही आत्ता जर्मनीत आहात."

"जेवायला घरी पोचेन ना?"

मी समजावलं की आपला निरोप तीन परक्या देशांतल्या मशीनमधून जातो. पहिलीला कोण पाठवतं ते माहीत, कुठे जायचं ते नाही. शेवटचीला कुठे जायचं ते माहीत, कोणी पाठवलं ते नाही. लडकूला दिसते फक्त पहिली.

"तिघी असून एक पण तोंड उघडत न्हाय? कुठल्या गावच्या गं त्या?"

तिथून पुढचे तीन शुक्रवार प्लायवूडच्या आडोशामागून चोरटं हसू ऐकू येत राहिलं. पान उघडायला पाच मिनिटं लागायची, पण त्या कधी कुरकुरल्या नाहीत.

चौथ्या शुक्रवारी मनोज गोदामाचे कागद प्रिंट करायला आला. पोलिसांच्या सूचनेमुळे मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून रजिस्टर भरून घ्यायची: नाव, पत्ता, वेळ, काम. तो लिहायला वाकला आणि तसाच राहिला. मला समोरून उलटं दिसत होतं. कमळाताईंचं वळणदार अक्षर, पूर्ण नाव, काल्हेरचा पत्ता. काम: स्थळ पाहणे. खाली पुन्हा: स्थळ पाहणे. त्याच्या खाली: स्थळाला उत्तर देणे.

तीन देशांतून वाट काढली मी, आणि हे रजिस्टर महिनाभर टेबलावर उघडं पडलेलं.

"वहिनी इथं येते?"

"नणंदेच्या मुलीसाठी बघतात," मी म्हटलं.

"ती अकरावीत हाय."

आडोशामागची खुर्ची सरकली. कमळाताई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मनोजने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आक्का रोज जेवताना कायतरी बोलाया तोंड उघडते," तो रजिस्टरकडे बघत म्हणाला. आक्का म्हणजे त्याची आई, कमळाताईंची सासू. "तुझ्याकडं बघते नि म्हणते, आमटीत मीठ कमी हाय. मी पण तसाच. तुला एकटं बघवत न्हाय, पण इचारायला जमत न्हाय, दोन वर्षं झाली."

"आमटीत मीठ बरोबर असतं," कमळाताई म्हणाल्या.

"ते म्हायती हाय."

कमळाताईंनी पदर खोचला.

"मनोज, स्थळ माझ्यासाठी हाय. गणेशपुरीला मास्तर हायत. मला लग्न करायचंय."