दार न वाजता उघडलं पाहिजे

जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावली आणि म्हातारपणी एक नाटक लिहिलं. वडशाच्या नाटक मंडळीनं ते घेतलं, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर खरीखुरी मोटार येते. घर सोडून गेलेला मुलगा दार उघडून उतरतो आणि बाप-लेक नुसते एकमेकांकडे पाहत राहतात. संवाद नाही.

मूल गावच्या रात्रीच्या प्रयोगात ते दार असं किंचाळलं की सारा मंडप हसत सुटला.

"भाऊ, उद्याच्या तालमीत दार वाजलं तं सीन कापतो," निर्माते गुणवंतराव दुसऱ्या दिवशी म्हणाले. "त्या जागी डान्स टाकतो."

त्याच दुपारी मेकॅनिकनं दार उघडून-लावून पाहिलं. आवाज नाही. "बाबूजी, तुमाले भास होऊन राह्यला काय?" मला ते जवळजवळ पटलंच होतं.

पण तालमीच्या दिवशी सकाळच्या थंडीत एकटाच गाडीपाशी गेलो, तर दार पुन्हा कुरकुरलं. एका हातानं ते हलवत दुसऱ्या हाताची बोटं खालच्या बिजागरीवर ठेवली. तिथं काही नाही. वरची मात्र थरथरत होती. बोटाला पांढरं, थिजलेल्या तुपासारखं काहीतरी लागलं, धूळ कालवलेलं. हुंगून पाहिलं. टोळीचं तेल! मोहाच्या बियांचं हे तेल थंडीत गोठतं, उन्हात पातळ होतं. म्हणून काल दुपारी दार गप्प होतं.

मंडळीचा स्वयंपाक करणाऱ्या कलाबाई चूल पेटवत होत्या. त्यांना बोट दाखवलं.

"मीच तं लावलं दाराले," त्या म्हणाल्या. "घरचं चांगलं तेल होतं, भाऊ!"

"तेल चांगलंच आहे, बाई. पण त्याला थंडी वाजते."

"मंग शाल घाला त्याले!"

जनरेटरच्या डिझेलमध्ये फडकं भिजवून बिजागरी पुसून काढली, वर शिलाई मशीनचं तेल सोडलं. बरोबर केलं की नाही, कोण जाणे.

त्याच सकाळच्या तालमीत मुलाचं काम करणाऱ्या दिनेशनं दाराला हात घातला. मी खाली पाहिलं. काहीच ऐकू येईना. मान वर केली तेव्हा तो उतरलेला होता आणि बाप झालेले सोमाजी त्याच्याकडे पाहत होते. कुणीही हसलं नाही.

"दिनेश," गुणवंतराव हळूच म्हणाले, "लगेच पाया पडू नोको. बापाले पाहू दे." मग माझ्याकडे वळून, "सीन राह्यला, भाऊ."

मी तिथल्याच फळीवर बसलो. कलाबाईंनी पोह्यांची ताटली हातात दिली. कालपासून घास उतरत नव्हता. ती ताटली संपवली आणि आणखी मागितली.