आठ फुटांची राजेळी

दोन हजार एक सालची गोष्ट. वसईच्या एव्हरशाईन सिटीत मयूरचं डीटीपीचं दुकान होतं. आशालता तिथं लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करायची. चित्रांचं काम मयूर स्वतःकडे ठेवायचा.

एका दुपारी भालचंद्र नावाचे बागायतदार आले. त्यांनी खिशातून काडेपेटीएवढं लेबल काढलं. सुकेळीच्या, म्हणजे सुकवलेल्या राजेळी केळ्यांच्या पुड्यांवरचं; त्यावर वडिलांनी स्वतः काढलेली केळ्यांची फणी.

"याचा आठ फुटी बोर्ड करायचाय. परवा प्रदर्शन. आज चारपर्यंत फाईल कामणच्या छापखान्यात पोचवायचीय."

मयूरनं लेबल स्कॅन करून मोठं केलं. कडांच्या पायऱ्या पायऱ्या झाल्या.

"केळ्यांना दात फुटले की हो!" भालचंद्र म्हणाले.

मयूरनं आपोआप रेषा काढणारं बटण दाबलं. दात तसेच राहिले, वर लेबलाची घडीही रेषच समजून कॉम्प्युटरनं फणी मधोमध चिरली.

"सोडा ना काका. सीडीत तयार केळी आहेत. एक नंबर!"

भालचंद्रांनी ती गुळगुळीत पिवळी केळी पाहिली. "ही राजेळी नव्हेत. आणि बाबांच्या हातचं एवढंच उरलंय." मग घड्याळ पाहून ते हळूच म्हणाले, "पण इलाज नसेल तर..."

आशालता उठली. "मयूर, सरक. तासाभरात देते."

"काकू, हा सुईदोरा नाहीये!"

"सुईच आहे रे. बघ तू."

आचोळ्यात तिनं वीस वर्षं भरतकामाचे खाके टोचले होते. कागदावरच्या नक्षीला सुईनं भोकं पाडायची, त्यांतून नीळ साडीवर उतरवायची. नवशिकी कागदाची चाळण करी. आशालता वळण बदलेल तिथंच टोचायची.

आताही तिनं तेच केलं. स्कॅन केलेलं लेबल पडद्यावर खाली ठेवलं, वर माउसनं ठिपके दिले आणि मधली रेष हवी तशी वाकवली. एका केळ्याला नऊ ठिपके पुरले. राजेळीच्या अंगाला कंगोरे असतात. तिथं तिनं गोलाई मोडून कोपरा काढला. घडीवरून ती सरळ पुढं गेली.

साडेतीनला तिनं चित्र मोठं करत नेलं. एकच केळं पडद्यावर मावेना, तरी कड सुरीनं कापल्यासारखी साफ.

"आता किल्ल्याच्या तटाएवढं करा, भाऊ. दात येणार नाहीत."

भालचंद्रांनी काचेवरून बोट फिरवलं. कंगोऱ्याशी ते थांबलं. "हे बाबांचंच."

मयूर कोरी सीडी शोधू लागला.

"कशाला? नुसते ठिपके तर आहेत. फ्लॉपीत मावेल," आशालता म्हणाली.

फाईल मावली. वडिलांचं लेबल ज्या खिशात होतं, त्याच खिशात फ्लॉपी ठेवून भालचंद्र रिक्षात बसले. मयूरनं पत्रिकांचा गठ्ठा आपल्या पुढ्यात ओढला.

"काकू, टायपिंग मी करतो. तुम्ही तिथंच बसा."