मातीशिवाय भेंडी

भागुबाईंनी ओल्या वाळूची मूठ आवळली आणि उघडली. पाणी मनगटापर्यंत ओघळलं.

*

बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या काथ्याच्या दुकानदाराने गादीचं माप विचारलं. गादी नव्हे, भेंडी लावायची आहे, हे ऐकल्यावर त्याने उमाकांतकडे नीट पाहून घेतलं.

*

ड्रॉइंगच्या कागदामागे पेन्सिलीने तीन चौकोन: वाळू, विटांचे तुकडे, काथ्या.

*

"रोहिणी लागायच्या आत मला गाडीत बसव. पेरणीला तिकडं कोण हाय?" भागुबाई मुलाला म्हणाल्या.

*

१९६१ चा मे. उमाकांत बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. वडील गेल्यावर त्याने आईला चिकोडीकडून इथे क्वार्टर्समध्ये आणलं, त्याला तीन महिने झाले होते. भागुबाईंचं तिकडे पाऊण एकर शेत होतं, त्यांच्या वडिलांनी दिलेलं. इथे दुसऱ्या मजल्यावर त्या दिवसभर हात मांडीवर ठेवून बसत. हातांना काम मिळालं तर आई राहील, असं उमाकांतला वाटत होतं. पण छत गळतं म्हणून गच्चीवर माती न्यायला बंदी होती.

मग त्याला वाचनालयात एक पातळ पुस्तिका मिळाली. झाडाला माती लागतच नाही. क्षार विरघळवलेलं पाणी आणि मुळांना धरायला काहीतरी, एवढं पुरे. काहीतरी म्हणजे काय, यावर पुस्तिकेत दहा नावं होती आणि एकही ठाम मत नव्हतं.

त्याने तीन खोकी डांबर लावून तयार केली. वाळूतली रोपं कुजली. विटांतली दुपारपर्यंत वाळली. काथ्याने पाणी चहासारखं केलं आणि बी उगवलंच नाही. भागुबाईंनी गावाहून आणलेल्या बियांतल्या आता सातच उरल्या होत्या.

भागुबाई रोज सकाळी खोक्यांपाशी येऊन बसत. एकदा त्यांनी क्षारांच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. सून नयना धावत आली. तोवर त्यांनी चव ठरवून टाकली होती. खारट, पण खताच्या खड्ड्याइतकं वाईट नाही.

एका रविवारी त्यांनी काथ्या बादलीत घेतला. पहिलं पाणी तपकिरी, दुसरं पिवळसर. पाचव्या धुण्याला तळ दिसला. मग त्यांनी विटांचे तुकडे आणखी बारीक कुटले आणि काथ्यात मिसळू लागल्या. उमाकांत पेन्सिल घेऊन आला आणि थबकला. एका खोक्यात एकच वस्तू हवी, नाहीतर कशामुळे उगवलं ते कळणार नाही, असं त्याने समजावून सांगितलं.

"तुला कळायचंय, का भेंडी खायचीय?"

भागुबाईंनी मिश्रणाची मूठ आवळली. गोळा झाला, पाणी टपकलं नाही. अंगठ्याने टोचताच गोळा विस्कटला.

"बघ. आता वाफसा हाय."

"म्हणजे काय, आई?"

"शेतकऱ्याचं पोर तू." त्या हसल्या. "मूळ नुसतं पाणी पीत न्हाई. वारा बी पितं. दोन्ही घावलं पायजे."

उमाकांतने पुस्तिका उघडली. असं काही तिथे सापडेल म्हणून तो बराच वेळ पानं उलटत राहिला. शेवटी कागदावरच्या तीन चौकोनांशेजारी त्याने चौथा काढला आणि त्यात एकच शब्द लिहिला.

त्यांनी सातही बिया त्यात पेरल्या. पाचव्या दिवशी पाच कोंब वर आले, सहाव्या दिवशी सहावा. सातव्याची दोघंही वाट पाहत होती. गाडीचं तिकीट काढायचं का, हे उमाकांत रोज ऑफिसला जाताना विचारणार असायचा आणि जिन्यावरून तसाच खाली उतरायचा. बुधवारी त्याने विचारलं.

"दोन पानांवर सोडून कशी जाऊ? कळी तर दिसू दे."

पंचविसाव्या तारखेला रोहिणी नक्षत्र लागलं. नयनाने कॅलेंडरकडे पाहिलं. भागुबाई खोक्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. न उगवलेल्या जागी काथ्या बोटाने हलकेच बाजूला करून आत पाहत होत्या.

"कुजलंय?" उमाकांतने विचारलं.

"न्हाई. जागं हाय अजून."

माघात बंगळूरची गाडी धरण्याआधीच त्यांनी, उमाकांतला न सांगता, ते पाऊण एकर भाचा परसू याच्या नावावर करून दिलं होतं.