दांडीच्या टोकाचं मूळ

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडं, शिसवी मूठ आणि काचेवर एक बारीक ओरखडा. त्या ओरखड्यापायी एका बाईच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती, म्हणून हे सांगणं.

माझी नोकरी सीमेवरच्या सीमाशुल्क कचेरीत. परदेशी जाणाऱ्या फुलांच्या पेट्या इथे उघडतात आणि कोणता माल कोणत्या यादीत बसतो ते ठरतं. कापलेली ताजी फुलं एका यादीत, सुकवलेली दुसऱ्या, मुळं असलेली रोपं तर पार तिसऱ्याच. माझे पहिले साहेब मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे. "हे आहे म्हणून माझी अब्रू आहे," म्हणायचे. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला फार बरं वाटायचं. ते निवृत्त झाले आणि नव्या मॅडमनी मला किल्ल्या-टाचण्यांच्या खणात ढकललं. बाई हुशार, पण वस्तूंच्या बाबतीत अगदी बेफिकीर. तिथेच तो ओरखडा पडला.

त्या दुपारी एक मळेवाली शेवंतीच्या चाळीस पेट्या घेऊन आली. पलीकडच्या व्यापाऱ्याने तिच्याकडून पहिल्यांदाच माल मागवला होता. पहिल्याच वेळी माल परत गेला, तर तो पुन्हा तिचा फोनसुद्धा उचलणार नव्हता. चारला फाटक बंद व्हायचं. गाडी चालवणारा तिचा दीर दारातूनच म्हणाला, "वहिनी, गाडीतला गारवा उतरतोय. लवकर आटपायला सांगा."

मॅडमनी एक दांडी उचलली, कापलेलं टोक माझ्याखाली धरलं आणि कपाळाला आठी घातली. दुसरी पाहिली. तिसरीही पाहिली. प्रत्येकीच्या टोकाला केसासारखं बारीक, पांढरं काहीतरी.

"मावशी, यांना मुळं फुटलीत. पाण्यात फार दिवस ठेवली होतीत का? मुळं आली की ही कापलेली फुलं राहत नाहीत, रोपं होतात. त्याला वेगळा परवाना लागतो. माल परत न्या."

"अहो, आज पहाटे कापलीत मी. मूळ कुठून येईल?"

"मला दिसतंय ना."

दिसत होतं, कारण मी दाखवत होतो. माझा जीव टांगणीला लागला. ओरडून सांगावं, तर मला तोंड कुठे आहे? मॅडमनी कागद ओढून 'रोपे' असं लिहिलंसुद्धा. साडेतीन वाजले होते.

मळेवाली जागची हलली नाही. "मग एक मूळ चिमट्याने उपटून माझ्या हातावर ठेवा. मी मुकाट्याने परत जाते."

मॅडमनी चिमटा घेतला. एकदा, दोनदा, पाचदा. चिमट्यात काहीच येईना. त्या थबकल्या. मग हळूच स्वतःचा अंगठा माझ्याखाली धरला. अंगठ्यालाही मूळ फुटलं होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी लिहिलेलं खोडलं, शेजारी सही केली आणि 'कापलेली ताजी फुले' असं लिहून शिक्का मारला. "चूक माझी आहे, मावशी," त्या म्हणाल्या.

जाता जाता मळेवालीने पेटीवरचं मऊ फडकं काढून टेबलावर ठेवलं. "यात ठेवत जा त्याला. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा येणार आहे." फाटक बंद व्हायला सात मिनिटं असताना तिची गाडी पलीकडे गेली.

नवं भिंग मागवलंय म्हणे. ते येईपर्यंत मॅडम आधी अंगठा पाहतात, मग फूल. मित्रांनो, हाताखालच्या वस्तूंना जपा. आम्ही रुसत नाही, तक्रार करत नाही. बिघडलो तरी दाखवतच राहतो, आणि तुम्ही त्यावर शिक्का मारता.