टॉवरची किल्ली

तिनं कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. आत मोबाइल टॉवरच्या खोलीत मात्र बॅटऱ्यांच्या जागा रिकाम्या होत्या. कापलेल्या तारा तेवढ्या लोंबत होत्या. वादळानं वीज घालवली होती, त्यात बॅटऱ्या गेल्या आणि सगळ्या वस्तीचे फोन मुके झाले.

किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे, दुरुस्तीसाठी. दुसरी पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी तिचा सख्खा भाऊ. या नोकरीसाठी तिनंच शब्द टाकला होता.

"दादा?"

"दोघं आले होते. म्हणाले, किल्ली ठेव आणि चहाला जा. नाहीतर बघून घेऊ." त्यानं मान वर केली नाही. "मी गेलो गं. आता तू एक घाव घाल कुलपावर. तोडलं म्हणून सांगू."

तिनं हातोड्याला हात लावला नाही. कुंपणाबाहेर माणसं जमली होती. सगळ्यात पुढं एक ट्रकवाला जाळी धरून उभा होता.

"ताई, बायको अडलीय माझी. रक्त थांबत नाही. ट्रकमध्ये कशी घालू तिला? अ‍ॅम्ब्युलन्सला एक फोन लागू दे. पाया पडतो."

"गाड्यांच्या बॅटऱ्या काढा," ती ओरडली. "चार आणा. थोडा वेळ तरी चालेल."

लोक धावले. दादानं एकेक बॅटरी छातीशी धरून आत आणली. तिनं तारा जोडल्या. हिरवा दिवा लागला, तसा ट्रकवाल्यानं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

"निघाले! निघाले ते!" ट्रकवाला रडतच घराकडं पळत सुटला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीचे साहेब.

"बॅटऱ्या गेल्याचं कळलं. कुलूप तोडलंय का?"

तिनं दादाकडं पाहिलं. दादानं फोन तिच्या हातातून काढून घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागं टॉवरचा हिरवा दिवा विझला.

"साहेब, कुलूप मी उघडलं. किल्ली मी दिली. कुणाला दिली तेही सांगतो." त्यानं दोन नावं सांगितली. मग तो थांबला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

"काहीच बोलेनात." त्यानं फोन खाली घेतला. "ऐकलं का गं त्यांनी? परत सांगायचा धीर नाही माझ्यात."

तिनं विझलेल्या दिव्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"ऐकलं," ती म्हणाली.