एका पानावर दोन नाटकं

एकच वेबसाइट, एकच पान, आणि बघणाऱ्या दोघांना दोन वेगळी नाटकं! सुवर्णाचं डोकं भणभणलं.

शनिवारी दुपारी शुगर लँडहून मोरेश्वरकाकांचा फोन आला. "व्वा सुवर्णा! देखणा प्रयोग! माझा होकार!" तो कौतुकाचा सूर कानात आहे तोवर आयसेलिनहून विनीताताई कडाडल्या. "अहो, काय पाठवलंत हे? एक बाई शिव्या घालतेय, एकाला वाक्य आठवत नाही, मागे कुणीतरी समोसा खातंय!"

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनासाठी एकांकिका हे दोघेच निवडणार होते. व्हिडिओ बघून, आज पाचच्या आत, आणि दोघांचाही होकार हवा. नागपुरात नाटकं बसवणारी सुवर्णा पाच वर्षं हर्नडनमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर बसून होती. दुकानात पिशव्या भरायलाही तिला परवानगी नव्हती. तिने बसवलेलं हे नाटक गेलं की हातात काय उरणार? डिशवॉशर.

हर्नडनच्या मंडळाच्या वेबसाइटवर व्हिडिओ चढवला होता तिच्या नवऱ्याने, यतीनने.

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," तो म्हणाला.

"मग विनीताताईंना काय स्वप्न पडलं?"

"त्या फायरफॉक्स वापरत असतील. ब्राउझरचा लोचा आहे यार, मी काय करू?"

ब्राउझर गेला खड्ड्यात! ती खुर्ची ओढून बसली. "आत काय लिहिलंयस ते दाखव."

पडद्यावर कंसांचं रान उगवलं. तिला ओ की ठो कळेना. पण फाइलचं नाव वाचता येत होतं, आणि ते दोन ठिकाणी होतं, एकदा बाहेरच्या कंसात, एकदा आतल्या.

"दोनदा कशाला?"

"आपला एक्सप्लोरर ब्राउझर बाहेरचं नाव वाचतो, फायरफॉक्स आतलं. म्हणून दोन्ही..." यतीन पडद्यावर वाकला. बाहेर होतं 'फायनल'. आत होतं 'तालीम'. गेल्या आठवड्यात चालतंय का बघायला त्याने तालमीची क्लिप टाकली होती, आणि नंतर एकच नाव बदललं होतं.

"म्हणजे एका नाटकाला दोन प्रॉम्प्टर, आणि तू एकाचीच वही बदललीस! शहाणा!"

त्याने आतलंही 'फायनल' केलं. तिने विनीताताईंना फोन लावला.

"हं, आता दिसतंय. पण सगळे लग्नाच्या फोटोला उभे राहिल्यासारखे! ती ओरडणारी बाई कुठे गेली? त्या गड्याच्या हातून कागद हिसकावून तिने वाक्य म्हटलं, तेवढंच जिवंत होतं."

"ती... मीच."

"मग स्टेजवर का नाही?"

कारण मुख्य भूमिका दरवर्षी मंडळाच्या अध्यक्षा पद्मिनीताईंनाच लागते, आणि तालमी होतात ते बेसमेंट त्यांच्याच घरचं. हे फोनवर कोणत्या तोंडाने सांगायचं?

"या नाटकाला माझा नकार. तुम्ही उभ्या राहणार असाल तर होकार. पाचच्या आत ठरवा."

फोन ठेवला तरी सुवर्णाला उमगेना, आपलं कौतुक झालं की शोभा. साडेतीन वाजले होते. पद्मिनीताई तोंड बघणार नाहीत. काकांचा मिळालेला होकारही जाईल. की नाही जाणार? कोण जाणे.

"सरक," ती यतीनला म्हणाली. एका बोटाने शोधत शोधत तिने आधी बाहेरचं 'फायनल' खोडलं, मग आतलं.

"अगं, दोन्हीकडे तालीम? काका काय म्हणतील?"

"मला काय माहीत! पण जे म्हणतील ते मला बघून म्हणतील."