शिवणाच्या खणातलं होकायंत्र

मी एक जुनं होकायंत्र आहे. मित्रांनो, वेळ थोडा आहे, तेव्हा मुद्द्याचं आधी सांगतो. माझी सुई उलटी झाली आहे. तिचं लाल टोक उत्तरेऐवजी दक्षिण दाखवतं. हे मला ठाऊक आहे, आणि ज्या मुलीच्या गळ्यात मी आत्ता लटकतो आहे तिला नाही.

मुलीच्या बाबांनी मला पहिल्या पगारात विकत घेतलं. ते सुतारकाम करायचे आणि सुट्टीला जंगलातल्या शर्यती पळायचे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन झाडीतले झेंडे क्रमाने शोधत धावायचं, अशी ती शर्यत. दोन झेंड्यांमधली वाट ज्याची त्याने निवडायची. टेकडी आडवी आली की बाबा थबकायचे. काट्यांतून सरळ वर, की पायथ्याच्या गाडीवाटेने वळसा? बहुतेकदा ते वळसाच घ्यायचे आणि आधी पोचायचे. "टेकडी कुठे जात नाही, दम मात्र जातो," असं म्हणायचे.

एकदाच त्यांनी माझं ऐकलं नाही. दाट धुकं होतं. डावीकडे हवा असलेला ओढा उजवीकडे लागला. त्यांना वाटलं, मीच बिघडलो. ते आपल्या अंदाजाने गेले आणि फिरून फिरून त्याच ओढ्यावर आले. परतले तेव्हा लोक झेंडे गुंडाळून घरी निघाले होते. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद : आपलं डोकं फिरतं, सुई फिरत नाही. मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा.

मग गुडघा गेला, शर्यती सुटल्या. मी घरभर लोळू लागलो. मुलीची आई कपडे शिवते. "इकडेतिकडे टाकून एक दिवस हरवून बसाल," म्हणत तिने मला मायेने आपल्या शिवणाच्या खणात ठेवलं. सांडलेल्या टाचण्या वेचायचं तिचं भलंमोठं लोहचुंबक त्याच खणात असतं. वर्षानुवर्षं मी त्याला टेकून पडलो. सुई तडफडली, झगडली आणि शेवटी हरली. घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी माझा घात झाला.

आज मुलीची पहिली लांब पल्ल्याची शर्यत आहे. तिला घरी भिंगरी म्हणतात. तिचं नवं होकायंत्र काल पडून फुटलं. सकाळी बाबांनी मला बाहेर काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, हलवून पाहिलं. "बघ, अजून कशी सळसळते." सुई हलते एवढंच त्यांनी पाहिलं. ती थांबते कुठे, ते पाहिलं नाही.

आता आम्ही जंगलाच्या तोंडाशी उभे आहोत. धुक्यात सूर्य दिसत नाही. एकेकाला वेगळं सोडतात, त्यामुळे पुढचे धावणारे केव्हाच नाहीसे झालेत. पहिला झेंडा उत्तरेच्या माळावर आहे. दक्षिणेला जुनी दगडखाण आहे. तिकडे शर्यतच नाही, म्हणून कोणी साधी दोरीही बांधलेली नाही. सुई वळवायला मी जिवाचं रान करतो आहे, ती ढिम्म हलत नाही.

"भिंगरे, वचन दे मला," बाबा म्हणाले. "वाट चुकलीशी वाटली, तरी सुईचंच ऐकायचं."

"हो बाबा. किती वेळा सांगाल?"

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून चकचकीत केली म्हणजे तिची काळजी घेतली असं होत नाही. तिच्यावर जीव सोपवण्याआधी ती एकदा तपासा. शेजारच्या धावपटूचं होकायंत्र माझ्याजवळ धरलं असतं, तरी पुरे होतं. अजूनही कोणी धरा.

शिट्टी वाजली. भिंगरीने मला तळहातावर घेतलं, लाल टोक नीट पाहिलं आणि निर्धास्तपणे खाणीच्या दिशेने पळत सुटली.